मोटर जळालेली नाही

दुकानात येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांतली नऊ दारातूनच सांगायची, "मोटर जळाली." पेशंटला दवाखान्याच्या पायरीवर ठेवून नातेवाइकांनीच मृत्यूचा दाखला लिहून टाकावा, तसला प्रकार. मी म्हणायचे, "ठेवा तिथं. बघू." मग टर्मिनल बॉक्सचे चार स्क्रू काढायचे, वाकायचे आणि आधी वास घ्यायचे. तारेवरच्या जळालेल्या वॉर्निशला नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा एक कडवट वास असतो. तो आला तर बहुधा गिऱ्हाईक खरं असतं. नाही आला तर मल्टिमीटर काढायचे. आणि मीटर लावून "मोटर जळालेली नाही" असं सांगितलं, की माणसाला आनंद व्हावा की नाही? उलट तो चिडायचा. टेम्पो करून, गोणपाटात गुंडाळून, दोन माणसं लावून आणलेली मोटर चांगली निघावी, हा त्याला स्वतःचा अपमान वाटायचा. त्यात सांगणारी बाई.

नाशिकच्या अंबड लिंक रोडला अण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं, वर्कशॉप होतं. अण्णा एका कारखान्यातून फोरमन म्हणून बाहेर पडलेले. ग्रीसमध्ये आयुष्य गेलं तरी शर्ट कायम पांढरा, आणि त्यावर डाग पडलेला मी कधी पाहिला नाही. मी आयटीआयला आर्मेचर वाइंडिंगचा ट्रेड केला होता. आमच्या बॅचमध्ये मी एकटीच मुलगी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी काम मागायला गेले तेव्हा अण्णांनी माझे कागद पाहिलेच नाहीत, हात पाहिले. म्हणाले, "बोटं बारीक आहेत. स्लॉटमध्ये तार बसवायला बरी. उद्यापासून ये."

तिथले मुख्य कारागीर युसूफभाई. मूळचे मालेगावचे. यंत्रमागाच्या मोटरी बांधण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. कितीही गेजची, म्हणजे जाडीची, तार असो, दोन बोटांत फिरवून ते नंबर सांगायचे आणि मायक्रोमीटर लावला तर तोच यायचा. त्यांच्या हाताखाली मी कॉइल भरायला शिकले, कागद दुमडायला शिकले, वॉर्निश कधी 'पिकलं' ते ओळखायला शिकले. तपासणीचं टेबल मात्र त्यांचं स्वतःचं होतं. तिथं तेव्हा काट्याचा मीटर असायचा. एका दिवशी त्यांनी मला हाक मारली, "बेटा, इकडं ये जरा. ये काटा तीन पे है, की चार पे?"

मी म्हणाले, "साडेतीनवर आहे, युसूफभाई."

आठवडाभरात हे चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्यांनी मीटर माझ्यापुढं सरकवला आणि चष्मा पुसत म्हणाले, "अब तूच बघत जा. आंखों ने राजीनामा दिला." माझी बढती झाली ती अशी. त्यानंतर सतरा-अठरा वर्षं मी त्या टेबलापाशी बसले. काट्याचा मीटर जाऊन आकड्यांचा आला, पण टेबल तेच राहिलं.

वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी मोटर आतून पाहिलेली नसेल, म्हणून थोडं सांगते. थ्री-फेज मोटरच्या पोटात तांब्याच्या तारेची तीन वेटोळी असतात, तीन सारख्या बहिणींसारखी. मीटरच्या दोन वायरी, म्हणजे प्रोब, एकेका वेटोळ्याच्या दोन टोकांना लावायचे. मीटर त्या तारेचा विरोध सांगतो, ओहममध्ये. तिन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. एक कमी आला तर आत कुठंतरी वेढे एकमेकांना चिकटलेत. आकडा आलाच नाही तर तार तुटलीय. मग एक प्रोब वेटोळ्याला आणि दुसरा मोटरच्या लोखंडी अंगाला लावायचा. तिथं काहीच दिसता कामा नये. दिसलं, तर वीज तारेतून अंगावर उतरतेय आणि ती मोटर माणसाला धरणार. एवढंच शास्त्र. दहावीच्या मुलालाही कळेल. पण एवढ्याशा शास्त्रात फसायच्या जागा किती, ते कळायला मला काही वर्षं लागली.

फसलेल्यांत मला सगळ्यात आठवतात ते देवळाली कॅम्पचे सुभेदार साहेब. रिटायर होऊन बंगली बांधलेली, मागं विहीर, विहिरीवर पंप. त्यांच्याकडं स्वतःचा मीटर होता, चामडी पाकिटात ठेवलेला. ते मोटर घेऊन आले आणि टेबलावर मुठीनं ठोकून म्हणाले, "लीकेज आहे. मी स्वतः तपासलंय. कारागीर कुठंय?"

"मीच तपासते, साहेब."

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. शिस्तीचा माणूस, दोन पावलं मागं सरून उभे राहिले. मी तपासलं, अंगावर काही नव्हतं. तसं सांगितलं. त्यांनी आपला मीटर काढला, दोन्ही प्रोबची टोकं चिमटीत घट्ट धरून मोटरला टेकवली आणि विजयानं आकडा माझ्यापुढं केला. आकडा येत होता खरा.

मी म्हणाले, "साहेब, आता मोटर सोडा. टोकं हातात अशीच धरा."

त्यांनी धरली. आकडा तोच.

"हा विरोध तुमच्या अंगाचा आहे, साहेब. बोटं धातूला लागली की मीटर तुम्हालाच मोजतो."

युसूफभाई पलीकडं कॉइल भरत होते, त्यांनी मान खाली घातली. खांदे तेवढे हलत होते. सुभेदार साहेबांनी मिनिटभर मीटरकडं पाहिलं, मग टाचा जुळवून मला चक्क सॅल्यूट ठोकला. पंप पाणी का ओढत नव्हता, तर विहिरीतल्या पाइपच्या टोकाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये शेवाळ अडकलं होतं. पुढं कॅम्पातली निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्याच सांगण्यावरून यायची आणि विचारायची, "त्या बाई आहेत का? त्यांनाच दाखवायची आहे."

अशा चारदोन गोष्टी झाल्या की माणसाचं डोकं जरा वर जातं. माझंही गेलं होतं.

पंचवटीत हिराबाईंची पिठाची गिरणी होती. पन्नाशीच्या बाई, नवरा गेल्यावर गिरणी त्याच चालवायच्या. एका पावसाळ्यात गिरणीत पाणी शिरलं आणि मोटर भिजली. त्यांनी ती आमच्याकडं पाठवली. आम्ही ती खोलली, आत दोनशे वॉटचा बल्ब लावून दोन दिवस वाळवली. तिसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा निरोप, की दळणाचे डबे रस्त्यापर्यंत लागलेत, आज मोटर पाहिजेच. मी मीटर लावला. तिन्ही आकडे सारखे. अंगाला लावला, काही नाही.

आता खरं तर इथं थांबायचं असतं. मल्टिमीटरमध्ये असते नऊ व्होल्टची बॅटरी. तेवढ्या जोरानं वीज तारेभोवतीच्या ओल्या कागदातून बाहेर येत नाही. मोटर चालते चारशेवर. म्हणून मेगर नावाचं दुसरं यंत्र असतं, त्याचा दांडा फिरवून पाचशे व्होल्टचा जोर लावायचा आणि मग बघायचं. आमचा मेगर त्या दिवशी युसूफभाई सातपूरला एका कारखान्यात घेऊन गेले होते. ते दुपारी येणार होते. मी दुपारपर्यंत थांबले नाही. मीटर दाखवतोय ना स्वच्छ, म्हणत मोटर रिक्षात चढवून दिली.

संध्याकाळी अण्णांना फोन आला. गिरणी चालू असताना हिराबाईंनी गिरणीच्या लोखंडी अंगाला हात लावला आणि विजेनं त्यांना मागं फेकलं. त्यांच्या गिरणीची अर्थिंगची, म्हणजे अशी वीज जमिनीत उतरवणारी, तार कधीच तुटलेली होती. ती तार असती तरी मी सुटत नव्हते. त्यांच्या पाठीमागं ज्वारीचं पोतं होतं म्हणून डोकं वाचलं. डावं मनगट मोडलं.

 दुसऱ्या दिवशी मी हिराबाईंच्या घरी गेले. हात प्लास्टरमध्ये, शेजारीण त्यांना चहा पाजत होती. मी उभ्यानंच सांगितलं, "चूक माझी आहे. दुसऱ्या यंत्रानं तपासायला पाहिजे होती. मी थांबले नाही."

त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या पहिल्या यंत्रानं नीट सांगितलं नव्हतं का?"

"त्यानं सांगितलं ते खरंच होतं. मी अर्धंच विचारलं."

त्यांनी शेजारणीचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "घाई मीच केली होती, ते मी विसरले नाही. पण तू 'नाही' म्हणायचं होतंस. तुला कळत होतं, मला थोडंच कळत होतं? आता पुरतं विचारत जा." आणि शेजारणीला म्हणाल्या, "हिलाही चहा दे."

त्यांचा हात बरा झाला, पण मनगट जरासं वाकडंच राहिलं. पुढं कितीतरी वर्षं त्या मोटरी माझ्याकडंच पाठवत. मी गिरणीत गेले की त्या दुसऱ्या हातानं पीठ उचलायच्या, आणि मी तिकडं बघायचं टाळायचे. त्या दिवसानंतर मेगर लावल्याशिवाय एकही मोटर मी टेबलावरून उठू दिली नाही. गिऱ्हाइकं ओरडली, अण्णा कुरकुरले, मी हलले नाही.

याच काळातली पुढची गोष्ट. ती सांगायची म्हणून तर लिहायला बसले.

पेठच्या बाजूला, सावळ घाटाच्या पलीकडं, एक गाव होतं. नदीकाठी विहीर, विहिरीवर पंप, आणि तिथून वरच्या पाड्यावरच्या टाकीत पिण्याचं पाणी चढवायची योजना. पंपाची देखभाल भाऊसाहेब नावाचा एक ठेकेदार बघायचा. त्या पंपाची साडेसात हॉर्सपॉवरची मोटर एका उन्हाळ्यात आमच्याकडं दोनदा जळून आली. दोन्ही वेळा आम्ही नवीन वाइंडिंग केलं. दुसऱ्या वेळी जुनं वाइंडिंग कापून काढताना युसूफभाई म्हणाले होते, "बघ बेटा, दो काली, एक गोरी." म्हणजे दोन वेटोळी कोळशासारखी काळी आणि तिसरं नव्यासारखं. हे असं तेव्हा होतं जेव्हा मोटरला तीनपैकी एका तारेतून वीज मिळतच नाही, आणि उरलेल्या दोघींवर सगळा भार पडतो. त्यांनी भाऊसाहेबांना सांगितलं, लाइन तपासा आणि स्टार्टरमध्ये नवा ओव्हरलोड रिले, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा, टाका. भाऊसाहेबांनी रिले टाकला. लाइन काही तपासली नाही. आणि आम्हीही परत विचारलं नाही. मोटर गेली, विषय संपला.

महिन्याभरात ती तिसऱ्यांदा आली. या वेळी भाऊसाहेबांबरोबर एक बाई होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत, पन्नाशी-पंचावन्नचं वय, टेम्पोच्या मागच्या हौद्यात त्या मोटरपाशीच बसून आल्या होत्या. पाण्याच्या समितीत त्यांचं नाव होतं. यशोदाबाई.

"जळाली परत," भाऊसाहेब म्हणाले. "तुमचं वाइंडिंगच कच्चं आहे. चालू केली की घुमते आणि बंद पडते."

मी झाकण उघडलं. वास नव्हता. मीटर लावला. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून वायरींचा स्वतःचा विरोध बघितला, तो वजा केला. तिन्ही आकडे हुबेहूब. अंगाला काही नाही. मग मेगर फिरवला. उत्तम.

"मोटर जळालेली नाही," मी म्हणाले.

अण्णा त्यांच्या खुर्चीतून उठून आले. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सुनंदा, तिसरी वेळ आहे. गावात आपलं नाव खराब झालंय. ते म्हणतायत ना, बांधून दे नवीन. वाद कशाला?"

"अण्णा, चांगलं वाइंडिंग कापून दुसरं भरलं तर ते चौथ्यांदा येतील."

भाऊसाहेब हसले. "मॅडमचं मशीन म्हणतं चांगली, आणि गावाला पाणी नाही. आता मशीनचं ऐकायचं का गावाचं?"

इतका वेळ यशोदाबाई मीटरकडं बघत उभ्या होत्या. त्या माझ्याजवळ आल्या. "ताई, मोटर चांगली हे?"

"हो मावशी. शंभर टक्के."

"मंग पानी का येत नाय?"

 मी मोटरबद्दल बरोबर होते, आणि या बाईला मोटरशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनीच पुढं सांगितलं, "बाया पहाटंपासून झऱ्यावर बसतात. वाटीवाटीनं भरतात. माझी सून पोटुशी हे, ती पन जाते. तुमी चला. तितं येऊन सांगा मोटर चांगली हे म्हनून. इतं सांगून काय उपेग?"

अण्णा नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि मेगर स्वतःच उचलून माझ्या पिशवीत ठेवला. युसूफभाईंनी जोडाच्या तांब्याच्या नळ्या, त्या आवळायची क्रिम्पिंगची पक्कड आणि टेपची दोन बंडलं दिली. "दो काली, एक गोरी," ते म्हणाले. "भूलना मत. मोटर में नही, तो रस्ते में है."

मी आणि भाऊसाहेब टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसलो. यशोदाबाई परत मागंच, मोटरला हात लावून.

गावात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. स्टार्टरची खोली उतारावर वरती, आणि विहीर खाली नदीकाठी. मध्ये शंभर-सव्वाशे पावलांची केबल, काही जमिनीत, काही झुडपांतून. चार माणसांनी बांबूला बांधून मोटर खाली नेली आणि पंपाला जोडली. बातमी पसरली असावी. उतारावर बायका येऊन बसल्या.  नाशिकहून मोटर बघायला बाई आलीय, हे त्यांना बघायचं होतं.

मी आधी स्टार्टरपाशी व्होल्टेज बघितलं. तिन्ही फेज, म्हणजे विजेच्या तिन्ही तारा, व्यवस्थित. मग भाऊसाहेबांना विचारलं, "मध्ये केबलला जोड कुठं आहे?"

"एक आहे. पण तो पक्का मारलाय मी. तपासून बघा की."

मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून माझ्या पिशवीत टाकले, मोटर सोडवली आणि केबलच्या तिन्ही तारा एका टोकाला एकत्र जोडून दुसऱ्या टोकाला मीटर लावला. तार सलग असेल तर मीटर बीप वाजवतो. पहिली जोडी, बीप. दुसरी, बीप. तिसरी, बीप. आवाज उतारापर्यंत ऐकू गेला.

"ऐकलं?" भाऊसाहेब बायकांकडं वळून म्हणाले. "केबल चांगली. वीज चांगली. आता राहिली काय? मोटरच ना?"

 खोटं का सांगू, एक क्षण वाटलं की आपणच कुठंतरी चुकलोय, मोटर टेम्पोत घालावी आणि बांधून द्यावी नवीन. उतारावर एक बाई रिकामा हंडा उचलून निघालीसुद्धा.

तेव्हा मला हिराबाई आठवल्या. नऊ व्होल्टची बॅटरी. मी याला पुन्हा अर्धंच विचारत होते. बीप वाजतो म्हणजे वाट आहे एवढंच कळतं. ती वाट गाडीरस्ता आहे की पायवाट, हे बीप सांगत नाही. एक केसाएवढी तार शिल्लक असली तरी मीटर बीप वाजवणार. मोटरचा भार पडला की तीच तार हात टेकणार.

म्हणजे तपासायचं तर मोटर चालू करून, भार असताना, मोटरच्या टर्मिनलवर, म्हणजे केबल मोटरला जोडते तिथं, व्होल्टेज मोजायला पाहिजे. मोटर खाली, बटण वर, आणि मी खाली उघड्या टर्मिनलपाशी. वर कुणी वेळेआधी बटण दाबलं तर माझी बोटं तिथं असणार.

मी यशोदाबाईंना बोलावलं. "मावशी, वर स्टार्टरपाशी उभ्या राहा. मी हात वर करीन तेव्हा भाऊसाहेब हिरवं बटण दाबतील. मी हात खाली केला की लाल. मी हात वर करेपर्यंत कुणालाही त्या पेटीला हात लावू द्यायचा नाही."

"कुनालाच?"

"कुणालाच."

त्या वर गेल्या आणि पेटीकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. मी मोटर परत जोडली, फ्यूज वर पाठवले. भाऊसाहेबांनी ते बसवले आणि मेन स्विच चढवला. मग "जरा बघू दे" म्हणत ते पेटीकडं सरकले, तर खालपर्यंत ऐकू आलं, "भाऊसायेब, मागं! ताईंनी हात नाय केला अजून."

मी एका हातात दोन्ही प्रोब धरले, टोकांपासून बोटं लांब. कोरड्या फळीवर उभी राहिले आणि हात वर केला.

मोटर घुमली. पहिली जोडी, तीनशे नव्वद. मी हात खाली केला. बंद. प्रोब बदलले. हात वर. दुसरी जोडी, एकशे नव्वद. हात खाली. तिसरी जोडी, दोनशे.

तिन्ही आकडे सारखे यायला हवे होते. एका तारेनं मान टाकली होती.

मेन बंद करवला, फ्यूज काढून वरून यशोदाबाईंनी स्वतः आणले, पदरात बांधून. मग आम्ही केबलच्या कडेनं चालत निघालो. गाडीवाट जिथं केबल ओलांडते तिथं त्या थांबल्या. "हितं मागल्या साली बैलगाडीखाली आलती केबल. तवा भाऊसायेबांनी ती काळी पट्टी गुंडाळली."

दगड बाजूला केले. टेपचं जाड गाठोडं होतं, बाहेरून बघणाऱ्याला मजबूत वाटावं असं. मी सुरीनं कापलं. दोन तारांचे पीळ ठीक होते. तिसऱ्यातून हिरवी भुकटी गळाली. तांबं खाल्लं गेलं होतं आणि जेमतेम तीन धागे एकमेकांना टेकलेले होते. मी ते टोक वर धरलं. भाऊसाहेब वाकले, बघितलं, रुमालानं मान पुसली. "बीप वाजला होता की," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आता भांडण नव्हतं.

"माझ्याही मीटरवर वाजला," मी म्हणाले. मला त्या माणसाचा फार राग आला नाही. 'दो काली, एक गोरी' आमच्या टेबलावर दोनदा आली होती, आणि आम्ही दोनदा नवी तार भरून तिला परत त्याच केबलला जोडायला पाठवलं होतं. रिलेनं या वेळी वेळेवर तोडलं, म्हणून निदान तिसऱ्यांदा मोटर जळाली नाही.

खराब भाग कापला, चकाकणारं तांबं लागेपर्यंत तारा सोलल्या, नळ्या घालून पक्कडीनं आवळल्या, प्रत्येकीला वेगळी टेप मारली. मग परत तोच खेळ. यशोदाबाई वर हात पसरून, मी खाली. हात वर केला. मोटर घुमली नाही, सरळ पळाली. तीनशे पंच्याऐंशी, तीनशे अठ्ठ्याऐंशी, तीनशे शहाऐंशी. मी हात खाली करायचंच विसरले. वरून त्या ओरडल्या, "ताई, बंद करू का?"

"नको!" मी ओरडले. "राहू दे!"

पाणी वरच्या टाकीत पडायला वेळ लागणार होता. चढ मोठा होता आणि टेम्पोवाल्याला उजेडात घाट पार करायचा होता. मला थांबता येणार नव्हतं. यशोदाबाई उतरून आल्या, चढाकडं जाणाऱ्या लोखंडी पाइपवर त्यांनी तळवा ठेवला. उन्हानं पाइप तापलेला होता, त्यांनी चटका बसून हात मागं घेतला. थोडं वर जाऊन परत ठेवला, परत मागं घेतला. मग खाली येऊन पहिल्या जागी ठेवला आणि तसाच राहू दिला.

"गार झाला," त्या म्हणाल्या.

एकेक बाई उठून आली आणि पाइपला हात लावून बघू लागली. मी माझ्या वायरी गुंडाळल्या. खरंच सांगते, तिथं एखादं भाषण करावं इतका मला स्वतःचा अभिमान वाटत होता. केलं नाही. पिशवी घेऊन टेम्पोत बसले.

दुकानात आल्यावर अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून जळालेली मोटर आली की वाइंडिंग कापण्याआधी ते स्वतः विचारायला लागले, "का जळाली, ते लिहिलंस का?" मी एक वही केली. कुठली वेटोळी काळी, कुठली गोरी, पाणी होतं का, लाइन कशी. युसूफभाईंना लिहिता येत नव्हतं, ते सांगत आणि मी लिहीत असे. त्यांच्या चाळीस वर्षांच्या डोक्यातलं थोडंफार तरी त्या वहीत उतरलं, याचंही मला समाधान आहे.

त्या गावाची मोटर परत आली नाही. पहिले काही महिने मी रोज दाराकडं बघायचे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, पुढचा उन्हाळाही गेला. भाऊसाहेब एकदा दुसऱ्याच कामाला आले, पण ते नजर चुकवून होते आणि मीही विचारलं नाही.

मग एका दुपारी यशोदाबाई दारात उभ्या. मी आधी त्यांच्या मागं रस्त्यावर बघितलं. टेम्पो नव्हता. म्हटलं, मोटर एसटीच्या टपावर टाकून आणली की काय.

"काय झालं मावशी? मोटर कुठंय?"

"हिरीवर हे," त्या म्हणाल्या. "चालू हे."

"मग?"

"मंग काय? थोरल्या नातीला होस्टेलात सोडाया आलते. मोटर घेऊन नाय आले, नुसती आले."

युसूफभाईंनी हातातली कॉइल खाली ठेवली आणि त्यांच्यासाठी स्टूल पुसून पुढं सरकवलं.